बशीतला रंग आणि देहातले हाड



मटणाच्या रश्श्यातली नळी ज्यांना आवडते, त्यांना हाड आणि मगज यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही. हाड हे कवच, मगज हा ऐवज. नळी ताटाच्या कडेवर ठोकायची, मगज ओढून घ्यायचा, हाड बाजूला टाकायचे. वैद्यकाचीही दृष्टी बराच काळ याहून फार वेगळी नव्हती. हाड म्हणजे शरीर तोलून धरणारा सांगाडा आणि फार तर आतल्या मालाचा डबा. मज्जा म्हणजे रक्त तयार करणारा कारखाना. आजचा विषय आहे तो या दोहोंना एकत्र बांधणाऱ्या पेशीचा. मज्जेत रक्तपेशी तयार होत असतात, त्यांच्या भोवती जाळीसारख्या पसरलेल्या काही पेशी असतात. त्यांना स्ट्रोमल पेशी म्हणतात. ग्रीक भाषेत स्ट्रोमा म्हणजे अंथरूण, म्हणून आपण त्यांना आधारपेशी म्हणू. या अंथरुणातूनच हाड घडवणाऱ्या पेशी तयार होतात. त्या कशा तयार होतात हे सांगायचे आहेच, पण त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, त्या तशा तयार झाल्या हे आपण कशावरून ठरवायचे. माझे म्हणणे थोडक्यात असे: एखादी पेशी हाड घडवते याचा पुरावा म्हणजे जिवंत देहात तयार झालेले हाड, प्रयोगशाळेतल्या बशीत उमटलेला रंग नव्हे. हा निकष शेवटपर्यंत सोडला नाही, तर ही पेशी कोण, ती कोणत्या वाटेने जाते आणि तिच्या नावावर चालणाऱ्या उपचारांपैकी कोणते टिकतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

मज्जेत हाड घडवण्याची शक्ती आहे, ही गोष्ट जुनी आहे. 1869 साली गूजाँ या फ्रेंच संशोधकाने सशाच्या मज्जेचे तुकडे हाडापासून दूर, दुसऱ्या ऊतीत रोवले आणि तेथे हाड तयार झालेले पाहिले. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, 1968 मध्ये, तावासोली आणि क्रॉस्बी यांनी असाच प्रयोग करून घटनांचा क्रम टिपला. रोवलेल्या तुकड्यातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी आधी मरून जातात. जाळीच्या पेशी तेवढ्या तग धरतात. त्या वाढतात, हाड रचतात, त्यात रक्तवाहिन्यांचे जाळे उभे राहते आणि मग त्या पोकळीत पुन्हा रक्त तयार होऊ लागते. म्हणजे आधी घर, मग बिऱ्हाड. पण तुकडा म्हटला की त्यात हजार प्रकारच्या पेशी आल्या. त्यांपैकी नेमकी कोणती हे काम करते? या प्रश्नाचे उत्तर मॉस्कोच्या गमालेया संस्थेत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी शोधले, आणि त्यांची पद्धत इतकी साधी होती की तिचे मोल कळायला वेळ लागला.

त्यांनी मज्जा पातळ करून सपाट तळाच्या भांड्यात पसरली. रक्तपेशी द्रवात तरंगत राहिल्या आणि धुऊन गेल्या. मोजक्या काही पेशी तळाला चिकटल्या. आज या पद्धतीने माणसाची मज्जा तपासली, तर दहा हजार ते एक लाख पेशींमागे चिकटून वाढणारी अशी एखादीच पेशी सापडते. ती एकटी वाढत जाते आणि तिच्या संततीची एक वसाहत होते. दाट पेरणी न करता विरळ पेरले, की एक वसाहत म्हणजे एका पेशीचे घराणे, हा हिशेब बसतो. अशा घराण्यांतल्या पेशी उचलून प्राण्याच्या कातडीखाली किंवा मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रोवल्या, तेव्हा काही घराण्यांनी तेथे संपूर्ण हाड उभे केले: बाहेर कठीण कवच, आत मज्जेची पोकळी. तपासल्यावर असे दिसले, की कवच आणि आतली जाळी रोवलेल्या पेशींची होती, पण त्या पोकळीत तयार होणारे रक्त मात्र यजमान प्राण्याचे होते. घर पाहुण्याचे आणि भाडेकरू घरधन्याचे, असा तो प्रकार. याच्या जोडीला एक तुलनाही होती. प्लीहेतूनही अशाच चिकटणाऱ्या पेशी मिळतात, बशीत त्या मज्जेतल्या पेशींसारख्याच दिसतात; पण रोवल्यावर त्यांच्यापासून हाड होत नाही. बशीत जुळे भाऊ वाटणारे देहात गेल्यावर परके निघाले. माझ्या युक्तिवादाचे पहिले टोक येथे आहे. खाण तशी माती, आणि ही खाण ओळखायची तर देहातच ओळखावी लागते.

आता ती वाट पाहू. आधारपेशीपासून हाड घडवणाऱ्या पेशीपर्यंत, म्हणजे ऑस्टिओब्लास्टपर्यंत, जायचे तर काही दारे एकामागून एक उघडावी लागतात. पहिले मोठे दार रन्क्स-2 या जनुकाचे. 1997 साली या जनुकाची दोन्ही रूपे निकामी केलेले उंदीर जन्माला आले तेव्हा त्यांच्या शरीरात सांगाडा होता, पण तो सगळा कूर्चेचा. हाडाचा कण नव्हता. बरगड्या श्वासाला आधार देऊ शकल्या नाहीत आणि पिल्ले जन्मताच दगावली. पुढचे दार ऑस्टेरिक्सचे, हे 2002 मध्ये सापडले. ते नसेल तरीही हाड होत नाही. मात्र अशा पेशींत रन्क्स-2 चालूच असते, त्यावरून ऑस्टेरिक्स त्याच्या पुढच्या टप्प्यावर आहे हे कळले. या दोहोंच्या आसपास बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन काम करते. ते काढून घेतले की हाडाच्या वाटेवर निघालेली पेशी वळून कूर्चेच्या वाटेला लागते. ही दारे ओलांडलेली पेशी घनाकार होते आणि शेजारणींना खेटून, विटांच्या थरासारखी, जुन्या हाडाच्या पृष्ठावर एका रांगेत बसते. मग ती एकाच बाजूला, हाडाकडच्या बाजूला, कोलॅजनचा मऊ थर सोडू लागते. हा थर दिवसाला साधारण एक मायक्रॉन इतक्या संथपणे वाढतो आणि काही दिवस मऊच राहतो. त्यानंतर त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक बसू लागतात. काही पेशी आपणच रचलेल्या थरात गाडल्या जातात, लांब बारीक फांद्या पसरून एकमेकींशी बोलत राहतात आणि वर्षानुवर्षे तेथेच जगतात. काही पृष्ठावर चपट्या होऊन पडून राहतात. बाकीच्या आपले काम संपवून मरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा असा दरवर्षी नव्याने रचला जातो.

इतके सगळे देहात घडते. बशीत काय घडते? जगभरच्या प्रयोगशाळांत आधारपेशींना हाडाच्या वाटेला लावण्यासाठी एक ठरलेले मिश्रण वापरतात. त्यात तीन गोष्टी असतात. पहिली ऍस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्व. त्याच्याशिवाय कोलॅजनची वीण पक्की होत नाही, स्कर्व्हीत हिरड्या आणि हाडे बिघडतात ती याचमुळे. दुसरी बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, पेशीच्या पृष्ठावरचे अल्कलाइन फॉस्फेटेज त्यातून फॉस्फेट सुटे करते आणि ते कॅल्शियमशी संयोग पावून साक्याच्या रूपाने खाली बसते. तिसरी डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड. दोनतीन आठवड्यांनी बशीत ऍलिझारिन ओतले की कॅल्शियमचे साके लालभडक दिसतात, आणि अहवालात लिहिले जाते, ‘पेशी हाडात रूपांतरित झाल्या.’ ऍलिझारिन हा आपल्या मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीच्या मुळांतून मिळणारा रंग. त्या मुळ्या खाल्लेल्या जनावरांची वाढती हाडे लाल होतात, हे 1736 मध्ये जॉन बेल्चर यांनी नोंदवले होते. पण बेल्चर यांनी हाड रंगलेले पाहिले; आपण बशीत रंग पाहून हाड गृहीत धरतो. फॉस्फेट पुरेसे असेल, तर मरणाऱ्या पेशींवरही कॅल्शियम बसते. साका म्हणजे हाड नव्हे. हाडाला वीण असते, पेशींची रांग असते, आत राहणाऱ्या पेशींच्या नळ्या असतात आणि आत मज्जेसाठी जागा असते.

या मिश्रणातल्या तिसऱ्या घटकाजवळ थोडे थांबू, कारण बशी आणि देह यांतले अंतर त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. डेक्सामेथासोनशिवाय माणसाच्या आधारपेशी बशीत हाडाकडे सहसा वळत नाहीत. हेच औषध आणि त्याच्या वर्गातली इतर स्टेरॉइडे माणसाला दीर्घकाळ दिली, की हाडे ठिसूळ होतात, मणके दबतात आणि खुब्याच्या सांध्यातले हाड रक्तपुरवठ्याअभावी मरू शकते. कोविडच्या साथीत डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वासावर असलेल्या अनेक रुग्णांचे प्राण वाचवले, हे 2020 सालच्या मोठ्या ब्रिटिश चाचणीने दाखवले. पण पुढच्या काळात स्टेरॉइडे घेतलेल्या काही तरुण रुग्णांच्या खुब्याचे हाड मृत झाल्याच्या नोंदी मुंबईसह अनेक ठिकाणच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी केल्या. एकच रेणू, एकच पेशी. बशीत हाडाला चालना, देहात हाडाचा ऱ्हास. यात विरोधाभास दिसतो तो आपण बशीला देह समजतो म्हणून. देहात त्या औषधाचा परिणाम रक्तवाहिन्यांवर, आतड्यातून होणाऱ्या कॅल्शियमच्या शोषणावर, हाड घडवणाऱ्या पेशींच्या आयुष्यावर आणि मेदाच्या साठ्यावर एकाच वेळी होतो. बशीत यांपैकी कोणीच हजर नसते.

तरीही बशीतल्या रंगालाच पुरावा मानण्याची प्रथा कशी रूढ झाली? येथे नावाचा इतिहास महत्त्वाचा आहे. ऑक्सफर्डच्या मॉरीन ओवेन यांनी फ्रीडेनश्टाइन यांच्यासोबत 1988 मध्ये या पेशींना स्ट्रोमल मूलपेशी म्हटले. या नावात त्यांचा पत्ता होता: मज्जेचा स्ट्रोमा. 1991 मध्ये अमेरिकेतल्या आर्नल्ड कॅपलान यांनी ‘मेझेंकायमल मूलपेशी’ हे नाव रूढ केले. मेझेंकाइम म्हणजे गर्भातली अशी ऊती, जिच्यापासून हाड, कूर्चा, मेद, संयोजी ऊती असे बरेच काही होते. या नावाने पत्ता गेला आणि आश्वासन आले. 1999 मध्ये पिटेंजर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मज्जेतल्या पेशी बशीत हाड, कूर्चा आणि मेद या तिन्ही दिशांना वळतात असे दाखवले. त्याच शोधनिबंधात एकेका पेशीच्या सहा घराण्यांपैकी तिन्ही वाटा चालणारी घराणी दोनच असल्याचेही नोंदवले होते. पण लक्षात राहिले ते पहिले. 2006 मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने निकष ठरवले: प्लास्टिकला चिकटणे, पृष्ठावर सीडी-73, सीडी-90 आणि सीडी-105 ही तीन प्रथिने असणे, आणि बशीत तीन दिशांना जाणे. या निकषांवर मेदातल्या, नाळेतल्या, दाताच्या गाभ्यातल्या, जवळजवळ कोणत्याही ऊतीतल्या चिकटणाऱ्या पेशी उतरल्या. कोठेही जा, पळसाला पाने तीनच, असा समज झाला.

रोम येथील पाओलो बियांको आणि अमेरिकेतल्या पॅमेला रोबी यांनी हा समज सातत्याने नाकारला. 2007 मध्ये त्यांच्या गटाने मज्जेतल्या रक्तवाहिन्यांना बाहेरून खेटून असणाऱ्या, सीडी-146 हे प्रथिन मिरवणाऱ्या पेशी वेगळ्या केल्या. या पेशींनी रोवलेल्या जागी हाड तर रचलेच, शिवाय रक्तनिर्मितीला लागणारे घरही पुन्हा उभे केले. 2016 मध्ये याच परंपरेतून आणखी मोठी तुलना झाली. मज्जा, हाडाचे बाह्यावरण, स्नायू आणि नाळेतले रक्त यांतून त्याच लेबलाच्या पेशी काढून एकाच पद्धतीने रोवल्या. मज्जेतल्या पेशींनी हाड आणि मज्जेची पोकळी केली. बाह्यावरणातल्या पेशींनी हाड केले. स्नायूतल्या पेशी आपसूक हाडाकडे गेल्या नाहीत, त्या स्नायूकडे झुकल्या. नाळेतल्या रक्तातल्या पेशींनी कूर्चा केली. सीडी-73, 90, 105 सगळ्यांवर होतेच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण येथे अगदी चपखल बसते. रोवण्याची ही चाचणी 1968 पासून हाताशी होती. तिचे बोट धरले असते, तर लेबलाच्या मागे लागून वीस वर्षे गेली नसती.

येथे एक भक्कम आक्षेप येतो. रन्क्स-2 बंद केले की हाड नाही, चालू असले की आहे. मग हाड घडवणे हा पेशीच्या आतला कार्यक्रमच ठरत नाही का? बशी असो वा देह, जनुक तेच. हा आक्षेप अर्धा खरा आहे. मूत्रपिंडाच्या आवरणाखालीही मज्जेतली पेशी हाडच करते, म्हणजे घराण्याची ओळख आत असते, हे मी आताच मान्य केले. पण जनुकाचा ताबा किती आहे ते पाहायचे, तर रन्क्स-2 ची एकच प्रत बिघडलेल्या माणसांकडे पाहा. त्यांच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत तोच दोष असतो. तरी त्यांच्या मांड्यांची हाडे सहसा तयार होतात, तर कॉलरबोन अपुरे राहते किंवा नसते, टाळूवरची फट उशिरा भरते आणि दात जास्तीचे येतात. काही जण दोन्ही खांदे छातीपुढे एकमेकांना टेकवू शकतात. एकाच आज्ञेचे पालन प्रत्येक हाडात वेगळे होते, कारण प्रत्येक हाडाची जन्मकथा वेगळी असते. दुसरा पुरावा फ्रीडेनश्टाइन यांच्या काळातलाच आहे. अर्धपारगम्य पडद्याच्या बंद डबीत मज्जेतल्या पेशी भरून ती प्राण्याच्या पोटात ठेवली, तर पेशी बाहेर जात नाहीत, बाहेरच्या आत येत नाहीत. फक्त अन्न आणि ऑक्सिजन झिरपतो. अशा डबीत पडद्यालगत हाड तयार होते आणि आतल्या, ऑक्सिजन कमी पोहोचणाऱ्या भागात कूर्चा. डबी एक, पेशी त्याच, जनुके तीच. फरक पडला तो जागेने. म्हणून मी घराणे आणि जागा यांना विरोधी पक्ष मानत नाही. घराणे ठरवते की या पेशीला कोणत्या वाटा खुल्या आहेत. त्यांपैकी कोणती, केव्हा आणि किती, हे जागा ठरवते.

या वाटांतली सर्वांत महत्त्वाची दुभागणी हाड आणि मेद यांची. आधारपेशीतून हाडाची पेशी होते तशीच मेदाचीही होते, आणि पीपीएआर-गॅमा या जनुकाचा जोर वाढला की पेशी मेदाकडे वळते. लहान मुलाच्या हाडांत मज्जा लालच असते; वय वाढते तसे हातापायांच्या हाडांतली मज्जा पिवळी, मेदाची होत जाते. नळीतला मगज तुपकट लागतो तो त्यामुळेच. हा मेद शरीरातल्या इतर मेदासारखा वागत नाही. अन्न टाळण्याच्या मानसिक आजारात माणूस हाडांचा सापळा होतो, पोटावरची चरबी नाहीशी होते, तरी मज्जेतला मेद वाढतो आणि हाड विरळ होते. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी पीपीएआर-गॅमाची एक प्रत कमी असलेल्या उंदरांत हाड जास्त असल्याचे दाखवले. उलट दिशेचा पुरावा औषधांनी दिला. रोसिग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध याच जनुकाच्या वाटेने पेशीला मेदाकडे ढकलते. एका मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्या स्त्रियांपैकी 9.3 टक्के स्त्रियांची हाडे मोडली, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत 5.1 टक्के आणि ग्लायब्युराइड घेणाऱ्यांत 3.5 टक्के. भारतात त्यावर 2010 मध्ये बंदी आली, ती मुख्यतः हृदयाच्या कारणाने. हाडांचा धडा त्यामुळे झाकून राहिला. या ठिकाणी आपल्याकडे कोणी आयुर्वेदातल्या सप्तधातूंचा दाखला देतो: मेद, अस्थि, मज्जा ओळीने एकमेकांशेजारी आहेत, तेव्हा हे सगळे आधीच ठाऊक होते. तो क्रम पोषणाच्या एका कल्पनेतून आला आहे, पेशी पाहून नव्हे. जुळलेला क्रम म्हणजे सिद्ध केलेले ज्ञान मानले, तर आपण पुन्हा रंग पाहून हाड गृहीत धरण्याचीच चूक करू.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. तुम्ही बशीला कृत्रिम म्हणता. पण कातडीखाली पेशी रोवणे तरी नैसर्गिक कोठे आहे? तेथे हाड कधीच नसते, वजन पडत नाही, आणि माणसाच्या पेशी रोवायच्या तर प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर लागतो. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर पेशी जागच्या जागी खुणावण्याच्या पद्धतीने मिळाले. उंदराच्या पेशीवर जन्मापासून न पुसणारी खूण उमटवायची आणि तिची संतती कोठे सापडते ते पाहायचे. 2014 मध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटाने लेप्टिन या संप्रेरकाचा ग्राही (रिसेप्टर) असलेल्या आधारपेशी अशा खुणावल्या. मज्जेत त्या अवघ्या 0.3 टक्के होत्या. पण प्रौढ उंदरात नव्याने होणाऱ्या हाडाच्या पेशींचा आणि मज्जेतल्या मेदपेशींचा मुख्य उगम त्याच होत्या, आणि रक्ताच्या मूलपेशींना जगवणारी द्रव्येही त्याच पुरवत होत्या. कोणी रोवले नव्हते, कोणी मिश्रण पाजले नव्हते. मॉस्कोतल्या प्रयोगाने जे सुचवले, तेच येथे स्वतंत्र वाटेने ठरले. एक सुधारणाही झाली: वाढत्या वयात हाड घडवणाऱ्या पेशी याच नसतात, वाढीच्या पट्ट्याजवळ दुसरी घराणी असतात. म्हणजे एकच सर्वसमर्थ पेशी हे चित्र देहातही टिकत नाही. मग बशी टाकून द्यायची का? अजिबात नाही. 2006 मध्ये बशीतच असे दिसले, की मऊ जेलवर या पेशी मज्जातंतूसारख्या, मध्यम ताठ जेलवर स्नायूसारख्या आणि ताठ जेलवर हाडासारख्या खुणा दाखवतात. वजन आणि ताण पेशीला कसा कळतो, याचा धागा त्यातून मिळाला. अवकाशयात्रींची नितंबाची हाडे महिन्याला साधारण एक ते दीड टक्का विरळ होतात, त्यामागची यंत्रणा शोधायला बशी लागतेच. ‘कसे’ हा प्रश्न बशीला विचारावा. ‘होते का’ हा प्रश्न देहाला.

या भेदाचा खरा कस उपचारांत लागतो. 1999 मध्ये ठिसूळ हाडांच्या जन्मजात आजाराच्या तीन मुलांना मज्जेचे रोपण केले गेले. दात्याच्या हाडपेशी त्यांच्या हाडांत सापडल्या, पण एक ते दोन टक्क्यांच्या आसपास. वाढीत झालेला फायदा ओसरत गेला. शिरेतून सोडलेल्या आधारपेशी बहुतांशी फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. याउलट, पेशी तिच्या जागीच ठेवून तिची वाट बदलणाऱ्या उपचारांनी हाड दिले. पॅराथायरॉइड संप्रेरकाचा एक तुकडा, टेरिपॅराटाइड, 2002 पासून वापरात आहे. रोज एक लहान इंजेक्शन दिले, की आधारपेशी मेदाऐवजी हाडाकडे वळतात, आणि स्वस्थ पडलेल्या पृष्ठपेशी कामाला लागतात. हेच संप्रेरक सतत चढे राहिले, तर हाड झिजते. म्हणजे मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची. दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या आफ्रिकानर कुटुंबांतले. तेथील काहींची हाडे विलक्षण जाड आणि घट्ट असतात, कवटीच्या नसा त्यात चिमटल्या जातात. त्यांच्यात स्क्लेरोस्टिन हे प्रथिन तयार होत नाही. हाडात गाडलेल्या पेशी हे प्रथिन सोडून पृष्ठावरच्या पेशींना ‘पुरे’ म्हणतात. तो आवाज बंद करणारे रोमोसोझुमॅब 2019 मध्ये मान्य झाले, हृदयविकाराच्या इशाऱ्यासह. या औषधांनी पेशी बाहेरून आणली नाही. जागेची भाषा ओळखून त्या भाषेत बोलण्याची युक्ती वापरली.

शेवटचा आक्षेप माणुसकीचा आहे. पेशींची इंजेक्शने घेतलेल्या कित्येकांना बरे वाटते. मग हाड झाले की नाही याचा इतका कीस कशाला? कॅपलान यांनी स्वतःच 2017 मध्ये लिहिले, की या पेशींना मूलपेशी म्हणणे सोडावे, त्या औषधी संदेश सोडणाऱ्या पेशी आहेत. हे मान्य केले, तर दावा बदलतो आणि त्याच्यासोबत पुराव्याचे ओझेही बदलते. संदेश म्हणजे औषध. मग मात्रा, परिणामाची मुदत, तुलनेसाठी दुसरा गट, दुष्परिणाम, सगळे औषधासारखेच मोजले पाहिजे. हाडाचे आश्वासन द्यायचे आणि हिशेब मागितला की संदेशांकडे बोट दाखवायचे, हे चालणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणित उपचार म्हणून रक्तरोगांसाठीच्या रक्तमूलपेशींच्या रोपणालाच मान्यता दिली आणि बाकी सगळे रीतसर चाचण्यांपुरते ठेवले, त्यामागे हाच तर्क आहे. पेशी वापरूच नयेत असे मात्र नाही. फ्रान्समध्ये फिलिप एर्निगू यांनी न जुळणाऱ्या नडगीच्या अस्थिभंगात रुग्णाच्याच कमरेच्या हाडातली मज्जा दाट करून फटीत सोडली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 60 रुग्णांपैकी 53 जणांचे हाड जुळले, आणि न जुळलेल्या सात जणांना वसाहती करणाऱ्या पेशी लक्षणीयरीत्या कमी मिळाल्या होत्या. त्यांनी पेशी कोठल्या, किती आणि कोठे गेल्या ते मोजले, आणि निकाल क्ष-किरणात पाहिला. पेशी त्यांच्याच घराण्याच्या जागी गेल्या होत्या.

म्हणून ज्या दवाखान्यात मूलपेशींच्या नावाने पैसे मागितले जातात, तेथे नागरिकाने चार प्रश्न विचारायला संकोच करू नये. पेशी कोणत्या ऊतीतून आल्या? त्यांतल्या हाड घडवणाऱ्या किती? त्या जाणार कोठे, आणि तेथे किती दिवस राहतात? आणि हाड झाल्याचे कोणी, कशात पाहिले? हे प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. भाजी घेताना आपण याहून जास्त चौकशी करतो. या प्रश्नांचा पाया मात्र मॉस्कोतल्या त्या प्रयोगात आहे. कातडीखाली रोवलेल्या पेशींनी तेथे एक लहानसे हाड उभे केले होते. त्याच्यावर कोणतेही वजन नव्हते, कोणताही स्नायू त्याला ओढत नव्हता, सांगाड्याशी त्याचा संबंध नव्हता. ते कापून पाहिले तेव्हा आत लाल मज्जा होती, आणि त्या मज्जेत यजमानाचे रक्त तयार होत होते. हाड झाल्याची खात्री पटवणारे लाल ते हे.